तू हो पुढं

‘एकटीच आलीस व्हय बाई?’

महिपाळगडावरच्या एका घराच्या सोप्यात मी टेकले होते. समोर पाण्याचा तांब्या, ताटलीत गुळाचा खडा. मे महिन्यातली भर दुपार, पण सारवलेल्या जमिनीचा गारवा पायांना लागत होता आणि दारातनं वारा असा येत होता की घामानं पाठीला चिकटलेलं झंपर क्षणात थंड पडलं. घरच्या आजी उंबऱ्याशी बसून दगडावर चिंचा फोडत होत्या. टक्, टक्. एका हाताला चिंचोक्यांचा ढीग, दुसऱ्या हाताला चिंचेचा गोळा. मान वर न करता त्यांनी विचारलं आणि मी गुळाचा खडा एका गालात सरकवून म्हटलं, ‘नाही हो आजी, मैत्रीण आहे खाली. करवंदं काढतेय.’ ‘काढू दे की,’ त्या म्हणाल्या, ‘यंदा लई लागल्यात.’ आणि पुन्हा टक्, टक्.

एवढंच झालं. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. पाऊस लागलाय, धूळवाफ पेरलेलं भात शिवारात वीतभर वर आलंय, बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या भिंतीला नेहमीच्या जागी ओल धरलीय. पण भांडी घासताना, कपडे आत घेताना, रात्री दिवा मालवताना माझंच ते वाक्य माझ्या कानात वाजतं. करवंदं काढतेय. तसं पाहिलं तर मी खोटं बोलले नव्हते. तिनंच मला तसं सांगितलं होतं. ‘तू हो पुढं, मी करवंदं काढतो हितं.’ आमच्याकडं खेड्यातल्या बायका ‘आलो, गेलो, काढतो’ असंच बोलतात. मीही लग्नापर्यंत तसंच बोलत होते. शहापुरात आल्यावर, नोकरी लागल्यावर, कधीतरी माझं ‘आले, गेले’ झालं. कधी झालं ते आठवत नाही. तिचं झालं नाही. तिचं वाक्य मी माझ्या भाषेत फिरवलं आणि आजींच्या पुढं ठेवलं, इतकंच.

पण ती करवंदं काढणार नव्हती हे ती म्हणाली त्याच क्षणी मला कळलं होतं.

आम्ही दोघी बेळगावजवळच्या उचगावच्या. एकाच गल्लीतल्या, शाळेत एकाच बाकावरच्या. तिला वैजनाथाच्या डोंगराखालच्या गावात दिली, मला शहापुरात. भेटी होतात त्या लग्नाकार्यात, नाहीतर बाराव्या-तेराव्याला. आणि तिथं काय बोलणं होणार? हातात वाढप असतं, नाहीतर डोळ्यांत पाणी. यंदा ती मे महिन्यात माहेरी आली होती. फोनवर म्हणाली, ‘ये की गं, एसएसएलसीच्या वर्षी गेलो तसं चालत जाऊया वैजनाथाला. मला तिकडंच परत जायचंय. तू शिनोळीत गाडी धर, मी माझ्या घरी जातो.’ एसएसएलसी म्हणजे आमची दहावी. चाळीस वर्षांनी असं कुणी बोलवलं तर कोण नाही म्हणेल? सकाळी उजाडायच्या आत मी सीबीटी बसस्टँडवर जाऊन गाडी धरली. कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं, आणि फाट्यावर उतरले तेव्हा ती आधीच येऊन उभी होती. पाठीला नातवाची जुनी शाळेची पिशवी, डोक्याला टॉवेल, पायात नव्या कॅनव्हासच्या चपला. चपला मी बघितल्या. डाव्या गुडघ्याला साडीच्या आतनं काहीतरी जाड बांधलंय हेही चालताना दिसलं. ‘काय झालंय गं?’ विचारलं तर म्हणाली, ‘काय न्हाई, रोपलावणीत जरा लचकलंय.’ रोपलावण आदल्या पावसाळ्यातली. म्हणजे दहा महिने झाले होते लचकून.

सकाळचं पहिलं तासभर चालणं सुखाचं होतं. आम्ही सडक सोडून शिवारातनं बांधाबांधानं निघालो. एक वळीव होऊन गेला होता. नांगरलेली ढेकळं वरून वाळलेली आणि आतनं ओलसर होती, पायाखाली फुटली की तो वास यायचा, पहिल्या पावसाचा नव्हे, दुसऱ्या दिवशीचा, थोडा कुबट, थोडा गोड. धूळवाफ पेरणीसाठी रानं तयार चालली होती. कुठं बैल, कुठं ट्रॅक्टर. भाताच्या पिंजराच्या गंज्या उन्हात पिवळ्या न दिसता करड्या दिसत होत्या. कुठंतरी पावशा ओरडत होता. ती चालता चालता दोन्ही बाजूंची रानं वाचत होती, मी पेपर वाचते तशी. हे अमक्यांचं, आता वाटण्या झाल्यात. हे पड टाकलंय, पोरं पुण्याला. ह्यात रताळी मस्त यायची, आता प्लॉट पाडणार. मी उचगावात वीस-बावीस वर्षं काढली, पण रानं मला कधी अशी ओळखीची नव्हती. आमची शेती नव्हती. वडील शहरात कामाला. तिच्या हाताला खुरपं आणि माझ्या हाताला पुस्तक, अशीच आमची वाटणी होती, आणि ती कुणी केली हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. शाळेत ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणानं म्हणत नाही. गणितात ती पुढं आणि मी तिच्या मागं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. एसएसएलसी झाल्यावर ती रानात गेली आणि मी कॉलेजात गेले.

तुरमुरी मागं पडलं. कचरा डेपोकडचा वास वाऱ्याबरोबर एकदा येऊन गेला. पुढं बाची आलं आणि मग ती जागा, जिथं पाटी बदलते. इकडं कन्नड, तिकडं मराठी. लहानपणी या जागेचं आम्हाला फार कुतूहल होतं. घरातली मोठी माणसं सीमा, सीमा म्हणून इतकं बोलायची, मोर्चे निघायचे, एक नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, चुली थंड असायच्या, त्यामुळं सीमा म्हणजे काहीतरी दिसणारी वस्तू असणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्या वर्षी, 1985 च्या मे महिन्यात, आम्ही दोघी इथंच कुठंतरी सडकेवर उभ्या राहून खाली बघत होतो. डांबराचा रंग बदलतो का. बांध वेगळा आहे का. तिनं तर सडकेच्या कडेच्या झुडपाची पानं तोडून बघितली. दोन्हीकडं घाणेरीच. तिची आजी मूळची चंदगड तालुक्यातली. आजी लग्न होऊन उचगावात आली तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1956 साली राज्यं नव्यानं मांडली तेव्हा कायद्यात लिहिलं, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला, चंदगड तालुका सोडून. त्या तीन शब्दांनी आजीचं माहेर मुंबई राज्यात राहिलं आणि सासर म्हैसूर राज्यात गेलं. आजी सांगायची, ‘मी कुठं गेलो न्हाई का आलो न्हाई. हितंच भांडी घासत होतो.’ पुढं नातीला पुन्हा त्याच बाजूला दिली. माणसं लेकी द्यायची थांबली नाहीत. तिच्या नवऱ्याच्या नावचा सातबारा मराठीत आहे, भावाच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये. दोन्हींवर रान तेच, भात तेच, तण तेच. ती सडकेवरनं पलीकडं गेली तेव्हा मी मुद्दाम तिच्या पायाकडं बघितलं. तिला आता ती जागा लक्षातही येत नाही. ती बोलतच होती.

शिनोळीच्या पुढं ऊन लागायला लागलं. मेमध्ये आमच्याकडं सकाळी दहापर्यंत हवा माणसासारखी वागते, मग एकदम तोंड फिरवते. काजूच्या बागांतनं बोंडांचा आंबूस, नाकात बसणारा वास येत होता. हंगाम संपत आलेला, झाडाखाली किडकी बोंडं पडलेली, त्यावर माशा. एका फणसाच्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. तिनं नाचण्याच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि मिरचीचा खरडा आणला होता, कांदा बुक्कीनं फोडला. मी इडल्या नेल्या होत्या त्या तिनं पिशवीत परत ठेवायला लावल्या, ‘रस्त्याला नासायच्या, संध्याकाळी पोरांना देतो.’ पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती पाय लांब सोडून बसली होती आणि डाव्या गुडघ्यावरनं हात फिरवत होती, मांजराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. मी बघते आहे हे बघितल्यावर हात थांबला.

इथं मला 1985 ची गोष्ट सांगायलाच पाहिजे.

मला तेव्हा बाळदमा होता. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. रात्री माझी छाती वाजायला लागली की शेजारचे दिवा लावायचे. परीक्षा संपल्यावर हिनं वैजनाथाला चालत जायचं काढलं तेव्हा आई सरळ नाही म्हणाली. ही आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि आईला म्हणाली, ‘मी हाय न्हवं?’ पंधरा वर्षांची पोर. आईनं काय बघितलं तिच्यात कोण जाणे, सोडलं मला. मी चालले. सबंध वाट चालले, डोंगर चढले, आणि एकदाही मला दम लागला नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सांगत आलेय. मुलांना सांगितली, ऑफिसात सांगितली, डॉक्टरांना सांगितली. मनात आणलं की होतं, दमा बिमा सगळा मनाचा, बघा मी वैजनाथ चढले होते! माझ्या सगळ्या हिमतीचा पाया म्हणजे तो एक दिवस. नोकरीची परीक्षा दिली तेव्हा, दोन बाळंतपणांत, आई गेली तेव्हा, मी स्वतःला सांगत आले की तू वैजनाथ चढलेली बाई आहेस.

त्या दिवसातलं अजून एक ठळक आठवतं. तिच्या पायात सारखे काटे रुतत होते. मी स्लीपर घातल्या होत्या, ती अनवाणी. थोडं चाललो की ‘आई गं, काटा’ म्हणून ती बसायची. झंपरची पिन काढायची, पाय मांडीवर घ्यायची आणि तळव्याला डोळे लावून कोरत बसायची. मी शेजारी बसायचे. काटा काही पटकन निघायचा नाही. मग निघाला की ती तो बोटाच्या टोकावर धरायची आणि फुंकून टाकायची. मला तो कधी दिसायचा नाही, इतका बारीक. मग उठायचो. पुन्हा थोडं चाललो की काटा. चढाला तर जास्तच. मला तिची दया यायची. बिचारीला चप्पल नाही, असं वाटायचं.

आता भाकरी खाऊन आम्ही त्याच चढाला लागलो. गाड्या जातात असा रस्ता आहे, पण आम्ही मधल्या पायवाटेनं गेलो. जांभ्याचे दगड उन्हानं तापलेले, वाळलेल्या पानांचा चुरा, त्यावरनं पाय सरकायचा. वैजनाथाच्या देवळात पोचलो तेव्हा गाभाऱ्याजवळच्या दगडी फरशीवर आम्ही दोघी काही न बोलता पाय ठेवून नुसत्या उभ्या राहिलो. भर उन्हातनं आत आल्यावर पायाला जो गारवा लागतो, तो देवाचाच वाटतो. श्रावणात सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी चार-दोन माणसं. तिनं बेलाचं पान वाहिलं, खांबाला पाठ टेकून बसली आणि डोळे मिटले. तोंडावरचा घाम तसाच. मला वाटलं झोपली.

देवळापासनं वर गडाकडं निघालो आणि थोडं चढल्यावर ती थांबली. करवंदीच्या जाळीला टेकून उभी राहिली. मी तिच्यापुढं दहा-बारा पावलं होते. हे मला विचित्र वाटत होतं आणि छानही वाटत होतं, हे मी कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढं होते. माझा दमा केव्हाच गेलाय, मी रोज सकाळी चालते, माझे पाय शाबूत आहेत. मागं वळून बघितलं. ती म्हणाली, ‘तू हो पुढं. मी करवंदं काढतो हितं.’ तिचा चेहरा नेहमीसारखाच. आवाजही. फक्त हात जाळीवर होता आणि ती जाळी काट्यांची आहे हे तिच्या हाताला कळत नव्हतं, इतका जोर देऊन तिनं ती धरली होती. मी ते बघितलं. बघितलं आणि म्हटलं, ‘बरं, मी आलेच.’

मला गड बघायचा होता. 1985 साली आम्ही देवळापासनंच परत फिरलो होतो, उशीर झाला म्हणून. चाळीस वर्षं मनात राहिलं होतं. तिथून परत फिरायला नको वाटलं. एवढंच कारण. दुसरं काही चांगलं कारण शोधून मिळत नाही.

आणि वर मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही. गडावर वस्ती आहे, घरं, गोठे, कोंबड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. त्या कपड्यांच्या मधनं एकदम उघडं आभाळ. कडेला जाऊन उभी राहिले तर सगळा मुलूख पायाखाली पसरलेला. नांगरलेल्या रानांचे तांबडे-काळे तुकडे, मधे आमराया, राकसकोप धरणाच्या पाण्याचा चकाकणारा तुकडा, धुरकट उजेडात बेळगाव, दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड. राकसकोपचं ते पाणी मी रोज पिते, नळाला येतं, पण वरनं बघितल्यावर ते एखाद्या घरात विसरलेल्या ताटासारखं एवढंसं दिसलं. मार्कंडेय नदी तिथनं वाहत उचगावाला वळसा घालून कंग्राळी, कडोलीकडनं पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. वाट दिसत नव्हती, पण झाडांच्या गर्द रेघेवरनं अंदाज बांधता येत होता. सीमा कुठं आहे ते वरनं शोधलं. नाहीच दिसली. ही गोष्ट तिला सांगायची म्हणून मी मागं वळले, तोंड उघडून, आणि मागं कोणी नव्हतं. मग पाणी मागायला त्या घरात गेले आणि आजींनी विचारलं, एकटीच आलीस व्हय.

निघताना आजींनी गुळाचा अजून एक खडा कागदात बांधून दिला. ‘तिला दे, करवंदं काढणारीला.’

मी उतरले तेव्हा पाऊण-एक तास होऊन गेला असेल. ती त्याच जागी होती. बसलेली, पाय लांब, गुडघ्यावरचं फडकं सोडलेलं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता, वरची कातडी ताणून चकचकीत. मला बघताच तिनं साडी खाली ओढली आणि पदराचं टोक पुढं केलं. पदरात करवंदं होती. मूठभर, पंधरा-वीस. सगळी बसल्या जागेवरनं हाताला येतील अशा उंचीची. तेवढ्या भागातली जाळी मोकळी झाली होती, वर आणि बाजूला काळीभोर करवंदं तशीच लटकत होती. ‘घे,’ म्हणाली. मी गुळाचा कागद तिच्या हातात दिला. घामानं गूळ पाघळून कागदाला चिकटला होता. तिनं कागदासकट तोंडाला लावला.

मग तिनं एक करवंद चिमटीत धरून माझ्यापुढं नाचवलं. ‘सांग, कोंबडा का कोंबडी?’

आतनं लाल निघालं तर कोंबडा, पांढरं-गुलाबी निघालं तर कोंबडी. मी म्हटलं कोंबडा. तिनं दातानं फोडलं. कोंबडी. दुसरं. कोंबडी. मी सगळी हरले, अगदी लहानपणीसारखी. तिला करवंदाच्या सालीवरनं आतलं कळतं, मला कधीच कळलं नाही. ओठांना चीक लागून ते चिकटायला लागले, बोटं काळी झाली. तेवढा वेळ सगळं जिथल्या तिथं होतं. मग मी विचारलं. का विचारलं ते सांगता येत नाही, तिच्या तळव्याकडं लक्ष गेलं म्हणून असेल. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. तळव्याला भेगा पडलेल्या, त्यात माती कायमची बसलेली, टाच बैलाच्या खुरासारखी कठीण.

‘त्या वर्षी तुझ्या पायात किती काटे रुतले होते गं.’

‘कुठल्या?’

‘आपण आलो होतो तेव्हा. सारखी बसायचीस. पिन घेऊन.’

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला खरंच आठवावं लागत होतं. मग गालात हसली. ‘अनवाणी हिंडणाऱ्या पायात काटा कुठला रुततोय? बाभळीचासुद्धा मोडायचा तवा.’ आणि एक करवंद तोंडात टाकून, बी बाजूला थुंकून, माझ्याकडं न बघता, ‘एखादा रुतला असंल,’ असं म्हणाली.

मला त्यावर काही बोलता आलं नाही. माझ्या आयुष्यात ज्या दिवसावर मी उभी होते तो दिवस माझा नव्हताच का? छाती वाजायच्या आत कोणीतरी दर वेळी खाली बसत होतं. माझ्या श्वासाकडं तिचे कान होते. पंधराव्या वर्षी हे तिला कुणी शिकवलं? आईला दिलेला शब्द होता, ठीक आहे, पण नुसत्या शब्दानं कुणी असं चाळीस वर्षं गप्प राहत नाही. मला ती मिरवताना ऐकत होती की. माझ्या मुलाच्या लग्नात, तिच्या देखत, मी पाहुण्यांना ती वैजनाथाची गोष्ट सांगितली होती. ती पंगतीत वाढत होती. भाताची परात कमरेवर घेऊन ती तिथंच उभी होती आणि म्हणाली, ‘व्हय, लई चालली ही. मलाच काटं रुतायचं.’

उतरताना तिचे हाल झाले. चढाला गुडघा दुखतो त्यापेक्षा उताराला जास्त दुखतो, हे मला त्या दिवशी बघून कळलं. ती पाऊल आडवं टाकायची, आधी उजवा खाली, मग डावा त्याच्याजवळ आणायचा, लहान मूल जिना उतरतं तसं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं काढून घेतला, रागानं नाही, झाडाला धरायला सोपं जातंय म्हणून. मग मी थांबायला लागले. कधी फोन काढून बघायचे. कधी पाणी प्यायचे. कधी उगीच धनेशाचा आवाज आला म्हणून झाडात बघायचे, नव्हता धनेश. पण माझं जमेना. मी थांबायचे ती उशिरा थांबायचे, तिला दोन पावलं जास्त पडून गेल्यावर. कुणाला कुठल्या पावलावर थांबावंसं वाटतंय हे आधी कळायला लागतं, आणि त्याला सवय लागते. मी चाळीस वर्षं पुढं चालायला शिकत होते. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘फोन ठेव आत. पडंल.’

वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी आभाळ भरून आलं. पश्चिमेकडनं काळं, पूर्वेला बेळगावावर लख्ख ऊन. थेंब पडायला लागले तसे धुळीत रुपयाएवढे खळगे उमटत गेले, मग गारांचा एक सडाका येऊन गेला, दहा मिनिटं. आम्ही देवळाच्या आडोशाला उभ्या. तिनं एक गार उचलून गुडघ्यावर धरली, साडीवरनंच. विरघळली की दुसरी. मी वाकून गारा गोळा केल्या आणि तिच्या पदरात टाकल्या, करवंदांच्या डागांवर. ‘बास गं, भिजली साडी,’ ती म्हणाली, पण पदर तसाच धरून राहिली.

घर वाटेवरच होतं तिचं, पण शिनोळीच्या फाट्यापर्यंत मला सोडायला आलीच. गावातल्या एकाच्या टमटममधनं आलो. फाट्यावर एका बंद दुकानाचा कट्टा होता, तिथं बसलो. पाऊस होऊन गेलेला, सडकेवरनं वाफ निघत होती, काजूच्या कारखान्यावरनं सुटलेल्या बायका घोळक्यानं घरी निघालेल्या. ती पाय लांब करून बसली, पिशवी मांडीवर. इडल्या अजून पिशवीत होत्या. आम्ही काही विशेष बोललो नाही. तिच्या सुनेला सातवा लागलाय. माझ्या धाकट्याचं जमत नाहीये. गुडघ्याला बेळगावात दाखवूया म्हटलं तर, ‘पेरणी होऊ दे,’ म्हणाली. पेरणीनंतर लावण असते आणि लावणीनंतर भांगलण, हे आम्ही दोघी जाणून होतो.

चंदगडकडनं गाडी आली. थांबली. दार उघडलं. खिडक्यांतनं दिसत होतं, मागच्या निम्म्या बाकांवर कुणी नव्हतं. कंडक्टरनं आमच्याकडं बघून हात केला, येताय काय म्हणून. ती माझ्या पिशवीचा बंद सोडवून माझ्या हातात द्यायला लागली.

‘गर्दी हाय गं,’ मी म्हटलं. ‘मागच्या गाडीनं जातो.’

तिनं गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी बाचीच्या दिशेनं गेली. तिनं पिशवी परत आपल्या मांडीवर घेतली, पदर सावरला आणि कट्ट्यावर थोडी पलीकडं सरकली.